पंखावरचे माशाचे डोळे

ये गं, अशी जवळ सरक. अजून जवळ. हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही. तू पिशोरला आहेस आणि मी इथं पुंडलिकनगरात वही घेऊन बसलेय, हे कळतं मला, पण लिहिताना मी तुला समोर बसवलंय. आणि आधी रागावून घेते. तुझे दाजी दवाखान्यात होते तेव्हा एकदा आलीस, पायाशी बसलीस, डोळे पुसलेस नि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. त्याला चार महिने झाले. फोन केला की मका सोंगायचा राहिलाय, कापूस फुटलाय, म्हैस आज उद्याला आलीय. म्हैस तुझी सख्खी बहीण की मी, तेवढं एकदा सांगून टाक. सांगायला सुद्धा यावंच लागंल तुला.

बरं, ऐक आता. दसऱ्याला माझ्या हातून काय झालं ते तुला फोनवर सांगितलं नाही. फोनवर सांगता आलं नसतं.

तुझे दाजी तीस वर्षं वाळूजच्या एका गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला होते, हे तुला ठाऊक आहे. पण एक गोष्ट ठाऊक नसंल. तीस वर्षं त्यांनी कामाच्या दिवशी डोक्याला तेल लावलं नाही. तिथं तसा नियमच होता. तेलाचा हात जरी दाराच्या पत्र्याला लागला तरी त्या जागी रंग बसत नाही, मागं सरतो आणि गोल गोल खड्डे पडतात. त्यांच्यात त्याला माशाचे डोळे म्हणायचे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, माझ्या पोराचं डोकं नांगरलेल्या वावरासारखं कोरडं करून ठेवलं या नोकरीनं. तर हे तेलाचं सगळं मला पाठ होतं बाई. कुणाला नसंल, मला तर पाठ होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी विमान करायला घेतलं. खेळण्यातलं म्हणू नको, त्यांना राग येतो. रिमोटवर उडणारं, माझे दोन्ही हात पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरंल एवढ्या पंखांचं. म्हणायचे, आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेली दारंच रंगवली, आता एक वस्तू लाकडापासून रंगापर्यंत माझी स्वतःची. बाल्सा नावाचं लाकूड असतं, हातात घेतलं तर कागद घेतल्यासारखं वाटतं. त्याचा सांगाडा, त्यावर त्याच लाकडाच्या पातळ फळ्या, आणि त्याच्यावर काचेचं कापड. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते, काचेचं कुठं कापड असतं का! पण असतं. मलमलीसारखं पांढरं, आरपार दिसणारं. ते लाकडावर पसरायचं, त्यावर रेझिन फासायचं, की ते जागच्या जागी दिसेनासं होतं. वाळलं की लाकडाला कासवाची पाठ आल्यासारखं होतं. दोन वर्षं चाललं हे. रंगच तेवढा राहिला होता.

आणि जूनमध्ये लकवा. सकाळी चहाचा कप उजव्या हातातून सुटला. मी म्हटलं, लक्ष कुठंय तुमचं? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं झालेलं मला दिसलं. पुढचं तू दवाखान्यात बघितलंसच. बोलणं परत आलं, पाय बराचसा आला. उजवा हात मात्र मागं राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या सुरुवातीच्या महिन्यांत हात जेवढा चालवाल तेवढा परत येईल. व्यायाम थांबला तर बोटं आखडत जातील, मग माझ्या हातात काही नाही.

व्यायाम घ्यायला एक बाई घरी येतात, वयानं आपल्यापेक्षा लहान, पण लई कडक. त्यांनीच सांगितलं, नुसता चेंडू दाबून काय होणार, या हातानं घरातलं खरं काम करा. मग ह्यांनी काम काढलं ते विमानाचंच. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बसून अख्खं विमान थिनरनं पुसून काढलं. उजव्या हातानं. डाव्यानं उजव्याचं मनगट धरायचं, फडकं एका दिशेनं ओढायचं, टाकायचं, नवीन फडकं घ्यायचं. दोन तास लागले. घामानं भिजले, पण मला हात लावू देईनात. झाल्यावर धुतलेल्या चादरीखाली विमान झाकलं आणि बाई आल्यावर शाळेतल्या मुलानं पाटी दाखवावी तसं त्यांना म्हणाले, "बाई, आज या हातानं पेंटरचं काम केलं." आणि मला म्हणाले, "आता याला कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याचा मुहूर्त आहे, उद्या नाही परवा प्रायमर मारू."

आता बघ हं, माझं डोकं कसं चालतं. कुणी म्हणजे कुणी, त्यात मी आले हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडं अवजारं पुजतात. मी शिलाई मशीन पुजलं, विळी, कात्री, पान्हे, स्कूटर, त्यांची रंगाची गन, सगळं पुजलं. आणि विमानाला सोडायचं? ज्याच्यावर दोन वर्षं खपले, ज्याला उद्या पहिला हात लागणार, त्यालाच नाही? ते आंघोळीला गेले होते. चादर बाजूला केली. कुंकू पाण्यात कालवून लावायला गेले तर पाणी त्या पाठीवरनं घरंगळायला लागलं, कुंकू धरंना. म्हणून समईच्या तेलात बोट बुडवलं. पंखाच्या मधोमध चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. म्हटलं, देवा, यांचा हात परत येऊ दे. विमान उडो न उडो.

आणि मग नळ बंद झाल्याचा आवाज आला, तशी घाबरले. आता ओरडतील. पदर डोक्यावर होता, तोच काढला आणि घसाघसा पुसलं. लाल दिसायचं बंद होईपर्यंत पुसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या दिवशी सकाळीच मी डोक्याला वाटीभर खोबरेल चोपडलेलं, केस धुवायचे होते म्हणून. चादर पुन्हा घातली. फूल ओट्यावर ठेवलं. आणि झालं, विसरून गेले.

दसऱ्याला सकाळी गच्चीवर तीन बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या, धूळ उडू नये म्हणून फरशीवर पाणी मारलं. ते खुर्चीवर, मी गन घेऊन उभी. नाकातोंडाला मास्क. गनचा खटका दाबायला उजव्या हाताचं बोट अजून वळत नव्हतं, म्हणून फवारायचं मी आणि सांगायचं त्यांनी, असं ठरलं होतं. आठ दिवस जुन्या पत्र्यावर माझी तालीम घेतली होती. काय सांगू, मला लाज वाटत होती आणि मजाही वाटत होती.

"वीतभर लांब धर. थांबू नको. हात चालू झाल्यावर खटका दाब, पंख संपल्यावर सोड."

"अहो, कळलं."

"कळलं नाही, मनगट वळवतेस तू. वाळवण घालतेस का पंखावर? सरळ ने."

सरळ नेलं. आणि बाई गं, राखाडी रंगाचा असा पातळ, एकसारखा पडदा पडत गेला! जिथं लाकडाच्या रेषा दिसत होत्या तिथं नुसतं गुळगुळीत राखाडी. मी मास्कच्या आत हसत होते. ते म्हणाले, "शाब्बास! तुला शॉपला घ्यायला पाहिजे होतं."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत पंखावर एक ठिपका उघडला.

मला वाटलं, माशी बसली. मग शेजारी दुसरा. मग दहा. ओला प्रायमर मागं सरकत होता, आपणहून, डोळ्यांदेखत, आणि प्रत्येक जागी गोल खड्डा, खड्ड्याच्या तळाशी उघडी पाठ. एक उघडला की त्याच्या बाजूचा. पंखाच्या मधोमधून सुरू झालं ते टोकापर्यंत पसरत गेलं. मी गन तशीच हवेत धरून उभी. एखाद्यानं झोपेतून शंभर डोळे उघडावेत आणि सगळे आपल्याकडंच बघावेत तसं वाटलं मला.

"अहो, मी काय केलं? मी जास्त मारलं का?"

ते उठले. खुर्चीचा हात धरून, पाय ओढत जवळ आले. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एकदम हळू म्हणाले, "तुझी चूक नाही. हे तेल आहे."

"तेल?"

"पुसण्यात राहिलं. पुसलं मी." आणि उजवा हात वर घेऊन तळव्याकडं बघितलं. "या हातानं पुसलं."

तेव्हा मला स्वस्तिक आठवलं.

मी कठड्याला धरलं. बोलायचं होतं. तिथंच, त्याच क्षणी, अहो तेल माझं आहे, एवढं वाक्य. पाच शब्द नाहीत धड. पण मी काय बोलले, ठाऊक आहे? म्हणाले, "जाऊ द्या, पुन्हा मारू." आपणच आपल्याला ओळखू नये तसं झालं मला. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांच्याशी भांडले, रुसले, पण खोटं असं कधी वागले नव्हते. भीती कसली होती तेही मला नीट सांगता येणार नाही. सणाचा दिवस, त्यांचं बीपी, आणि मी, जिला तेलाचं सगळं पाठ.

ते खाली गेले. संध्याकाळी गल्लीतली माणसं सोनं द्यायला आली, तर यांनी उजवा हात शालीखाली घातलेला. डाव्या हातानं पानं घेतली. मी बघितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवली.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या. हे आतनंच म्हणाले, "आज नको." तिसऱ्या दिवशीही नको. चौथ्या दिवशी बाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, "काका, मी काय दारावर भाजी विकायला येते का? नको, नको काय?"

"बाई, तुम्ही येऊ नका आता. हा हात गेला. साधं फडकं मारायचं काम होतं, तीस वर्षं केलेलं. तेवढंसुद्धा झालं नाही त्याच्यानं. उगीच तुमचा वेळ."

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी जमिनीकडं. आणि ते मला म्हणाले, अगदी शांतपणे, जसं जुनी पेपरची रद्दी काढायला सांगावी तसं, "वरचं ते विमान भंगारवाला आला की देऊन टाक."

मला इतके दिवस वाटत होतं की मी विमान बिघडवलं. विमानाचं काय, घासलं असतं, पुन्हा रंगवलं असतं. पण मी तर त्यांचा हात घेऊन टाकला होता गं. एका बोटाच्या तेलानं नाही, गप्प बसण्यानं. रोज सकाळी उठून, चहा देऊन, तोंडासमोर बसून, मी तो हात थोडा थोडा आखडू देत होते.

बाई गेल्या. मी दार लावलं आणि उभ्यानंच बोलले. बसले असते तर बोलले नसते.

"तेल तुमच्या हातानं राहिलेलं नाही. तुम्ही कोरं करकरीत पुसलं होतं. खंडेनवमीला मी स्वस्तिक काढलं त्याच्यावर. समईच्या तेलानं."

त्यांनी मान वर केली.

"आणि पुसलं कशानं?"

"पदरानं."

"डोक्यावरच्या?"

"व्हय."

"डोक्याला तेल होतं?"

"होतं."

"तीस वर्षं मी तुला काय सांगत आलो?"

"रंगाजवळ तेल नको. पण हे देवाचं तेल होतं, मला वाटलं..."

"प्रायमरला देव कळत नाही गं!"

एवढ्या मोठ्यानं ओरडले, की लकवा झाल्यापासून एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मी मागं सरकले. मला वाटलं आता संपलं, एवढंच ओरडायचं होतं. पण मग आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं.

"तेलाचं सोड. विमान जळून गेलं असतं तरी चाललं असतं. चार दिवस मी या हाताकडं बघितलं नाही. जेवताना तो मांडीवर पडलेला असायचा, मला किळस यायची त्याची. आणि तू समोर बसून पोळी वाढत होतीस."

मी माफ करा म्हणाले. तो अख्खा दिवस ते बोलले नाहीत. मी दोनदा जेवायचं ताट ठेवलं, दोनदा जेवले, डाव्या हातानं. संध्याकाळी मात्र फोन घेतला, स्वतः, डाव्या हाताच्या अंगठ्यानं शोधत शोधत नंबर लावला. "बाई, उद्या या. चुकलं माझं. नाही, माझं नाही, ते आल्यावर सांगतो."

बाई आल्या. हात हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. करंगळी आणि शेजारचं बोट, जे दसऱ्याच्या आधी सरळ व्हायचं, ते अर्ध्यात अडलं. चार दिवसांत! मला वाटायचं हात म्हणजे हाडामासाचा, चार दिवसांनी काय होतंय. बाईंनी बोट दाबलं तसे हे कळवळले आणि मी बाहेर गेले. पायरीवर बसले. आतनं त्यांचा आवाज येत होता आणि मी तो मोजल्यासारखा ऐकत होते, ऐकायलाच पाहिजे होता मला.

बाईंना सगळं सांगितलं त्यांनी. माझ्यादेखतच. बाई मला म्हणाल्या, "काकू, आता शिक्षा म्हणून रोज त्यांच्याबरोबर ते घासायला बसायचं. हात त्यांचा चालेल, पाठ तुमची दुखेल."

बसलो. पंख दोघांच्या मांडीवर आडवा, एका बाजूला ते, एका बाजूला मी, हातात बारीक पॉलिश पेपर गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. मी पाणी लावून घासायला निघाले तर हात धरला, "पाणी नको. काचेच्या कापडात सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, पाणी आत लाकडात शिरलं की फुगंल." कोरडंच घासायचं. राखाडी धूळ, भुवयांपर्यंत. पहिले दोन दिवस फक्त कामापुरतं बोलत होते. इकडं दाब. तिकडं नको. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पीठ मळल्यासारखं काय करतेस, पोळ्या करायच्या आहेत का विमानाच्या?" आणि मला रडू आलं. त्यांना कळंना का. म्हणाले, "धूळ गेली का डोळ्यात?" म्हटलं, व्हय.

मग साबणाचं घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं, मग थिनर. थिनर पुन्हा त्यांनीच पुसला, त्याच हातानं. मी डोकं शिकेकाईनं धुऊन घट्ट रुमाल बांधून लांब उभी. दुसऱ्यांदा प्रायमर मारला तेव्हा मी श्वास धरला होता. ते पंखाकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं. एक मिनिट, दोन मिनिटं. एकही डोळा उघडला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ते मला म्हणतात, आता हा जवळजवळ सगळा घासून काढायचा. मी उडालेच. "अहो, एवढा जीव ओतून लावला तो काढायचा? मग लावला कशाला?"

"वजन," ते म्हणाले. "कापडाच्या विणीतले खड्डे भरले, त्याचं काम झालं. वरचा उरलेला भार घेऊन ते वर जाणार नाही."

रंग परवा पुरा झाला. वरनं पांढरं, पंखाखाली गडद निळं, म्हणजे आकाशात उलटं झालं तर जमिनीवरनं कळतं. पंखांच्या टोकाला शेंदरी पट्टे. पट्ट्यांसाठी चिकटपट्टी लावलेली, ती ओलसर असतानाच काढावी लागते, नाहीतर रंग उचकटतो. मी पुढं झाले तर म्हणाले, "थांब." अंगठा आणि पहिलं बोट. पट्टीचं टोक पकडायचं, निसटायचं. पुन्हा पकडायचं, पुन्हा निसटायचं. रंग वाळत चालला होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, खोटं नाही सांगत, नाहीतर गेलेच असते मदतीला. शेवटी टोक चिमटीत आलं. ओढलं. एका जागी कड फाटली, टपोऱ्या शेंगदाण्याएवढी. म्हटलं, ब्रशनं भरू का? म्हणाले, "राहू दे. ती माझी आहे." करंगळी मात्र अजून अर्धीच सरळ होते. बाई म्हणतात होईल, वेळ लागेल. मी त्यांच्या तोंडाकडं बघत असते, खरं सांगतात की माझ्यासाठी सांगतात.

तर आता काम तुझ्याशी. या विमानाला चाकं नाहीत. ते हातानं फेकून सोडावं लागतं, पळत जाऊन, सरळ, जोरात, नाकाचा शेंडा जरासा वर ठेवून. रिमोट ते चालवतील, अंगठे चालतात दोन्ही. पण फेकणं त्यांच्यानं होणार नाही आणि माझा खांदा वर जात नाही. काल म्हणाले, "तुझ्या बहिणीला बोलव. ज्वारीच्या माळ्यावर उभी राहून गोफण मारायची ती. तिचा हात सरळ आहे." दौलताबादच्या रस्त्याला एक मोकळं पडीक रान बघून ठेवलंय, तारा नाहीत, झाडं नाहीत.

म्हैस दाराशी बांध, नाहीतर जावेकडं सोड. येत्या रविवारच्या आत ये गं, उडवायचं ते सकाळी, वारा पडलेला असतो तेव्हा. आणि ये ती राहायच्या हिशेबानं ये.